मोकळ्या जागेची गोष्ट

रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळ्याला येणारे बरेच प्रवासी जवळच्या मालगुंडलाही जाऊन येतात. कवी केशवसुत, म्हणजेच कृष्णाजी केशव दामले, यांचा जन्म १८६६ साली या गावात झाला. कोकण मराठी साहित्य परिषदेने तिथे उभारलेल्या स्मारकाचे उद्घाटन १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. केशवसुत पोटापाण्यासाठी शाळामास्तर होते, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांचे नाव मात्र तुलनेने कमी घेतले जाते. १९११ साली प्रसिद्ध झालेले ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा त्यांचा ग्रंथ आजही व्याकरणाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. एका भावाने शब्दांची कविता केली आणि दुसऱ्याने शब्द म्हणजे काय याचा शोध घेतला.

आम्हांला मात्र मालगुंड हे नाव ऐकले की आधी आठवते ती आमची एक फजिती. ती सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट सुरू होणार नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही तीन-चार शिक्षक सुट्टीत त्या बाजूच्या एका घरातल्या जुन्या कागदांची छायाचित्रे काढत होतो. कागद बहुतेक मोडीतले : हिशेब, पावत्या, काही खाजगी पत्रे. घरच्यांनी रुमालात बांधून माळ्यावर ठेवलेले ते दप्तर पावसापूर्वी पाहून घ्या, असे सांगितले होते. आम्ही २१२ पाने टिपली आणि संगणकावर ‘मालगुंड’ नावाच्या डिरेक्टरीत ठेवली. मग आमच्यातल्या एकाने त्यांतली काही चित्रे लहान आकाराची करून, मोडी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सरावासाठी द्यावीत म्हणून, शेजारीच दुसरी डिरेक्टरी केली. तिचे नाव ‘मालगुंड मोडी’. सरावाचे काम झाल्यावर ही दुसरी डिरेक्टरी नको होती. संगणक लिनक्सवर चालणारा होता, आणि नको असलेल्या डिरेक्टऱ्या पुसण्यासाठी आम्ही चार ओळींची एक आज्ञावली लिहून ठेवली होती. ती चालवली. संगणकाने काही तक्रार केली नाही. आठ दिवसांनी पाहतो तो ‘मालगुंड मोडी’ जागच्या जागी, आणि ‘मालगुंड’ नाहीशी. कॅमेऱ्यातले कार्ड तोवर पुसून पुढच्या कामाला वापरले होते. डिस्कवरही बरेच नवे लिहिले गेले होते, त्यामुळे पुसलेले परत मिळवण्याचे उपाय चालले नाहीत.

दोष संगणकाचा नव्हता. त्याने आमची आज्ञा अक्षरशः पाळली होती. ‘मालगुंड मोडी’ हे आम्हांला एक नाव वाटले, त्याला ती दोन नावे वाटली. ‘मालगुंड’ सापडली, ती त्याने पुसली. ‘मोडी’ नावाचे काही सापडले नाही, आणि नसलेल्या गोष्टीबद्दल कुरकुर करू नकोस अशी सूचना आम्हीच आज्ञेत घातली होती. अठ्ठेचाळीस तास काढलेले कष्ट दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेतून गळून गेले.

ही मोकळी जागा आली कुठून? गंमत अशी की जे कागद आम्ही गमावले, त्यांच्यात ती नव्हतीच.

मोडीचा कागद ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढतो आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेला अक्षरे लटकवत जातो. शब्द कुठे संपला हे दाखवण्याची पद्धत नाही. वाक्य संपल्याचीही खूण बहुधा नसते. देवनागरीत लिहिलेल्या जुन्या पोथ्यांतही दंड असले तरी शब्द सलगच असत. आपल्याला आज हे विचित्र वाटते, पण ज्याची भाषा मराठी आहे आणि ज्याला समोरचा व्यवहार ठाऊक आहे, अशा कारकुनाला त्यात अडचण नव्हती. आपण बोलतो तेव्हा तरी शब्दाशब्दांत कुठे थांबतो? ऐकणारा मनातल्या मनात तोडत जातो.

अडचण येते ती संदर्भ सुटला की. वर्गात एक प्रयोग करून पाहावा. फळ्यावर सलग लिहावे : ‘दहावीसबसलेलीमुले’. काही विद्यार्थी वाचतील, दहा वीस बसलेली मुले. काही वाचतील, दहावीस बसलेली मुले, म्हणजे शालान्त परीक्षेची. दोन्ही वाचने शुद्ध मराठी आहेत. कोणते खरे हे अक्षरे सांगत नाहीत, ते पुढचे-मागचे वाक्य सांगते. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत जुन्या कागदपत्रांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा गावोगावच्या दप्तरांबरोबर शाळांचे जुने दाखलेही बाहेर आले, आणि मोडी वाचणाऱ्या माणसांना एकाएकी मागणी आली. एखाद्या कुटुंबाचा हक्क ज्या ओळीवर अवलंबून आहे, ती ओळ कुठे तोडायची हे ठरवणारा माणूस जाणकार असावा लागतो.

युरोपातही असेच होते. ग्रीक आणि लॅटिन हस्तलिखिते कित्येक शतके सलग लिहिली जात. शब्दांमध्ये जागा सोडण्याची सवय सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडमधल्या ख्रिस्ती मठांत वाढीला लागली, आणि तिथून हळूहळू सगळ्या युरोपात गेली. आयर्लंडच का? तिथल्या भिक्षूंची मातृभाषा लॅटिन नव्हती. रोममधल्या वाचकाला जे कानाने कळत होते ते आयरिश माणसाला डोळ्यांना दाखवावे लागत होते. आम्हांला वाटते, मोकळ्या जागेच्या इतिहासातली ही सर्वांत बोलकी गोष्ट आहे. मोकळी जागा ही भाषा न जाणणाऱ्याची सोय म्हणून वाढली.

मराठीतही तिचे पाऊल पडले ते छपाईबरोबर आणि परक्या शिकाऊ वाचकांच्या निमित्ताने. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मराठी कोश १८१० साली निघाला. कोशातले मराठी शब्द मोडी खिळ्यांत छापले होते. दोन्ही पुस्तके कोणासाठी, तर मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी. पुढे मुंबई-पुण्याकडे शाळांची पुस्तके छापली जाऊ लागली, मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांवर एक लहानसे पुस्तक लिहून स्वल्पविराम-पूर्णविराम मराठीत रुजवले, आणि सुट्या सुट्या शब्दांची बाळबोध छपाई हीच शिकलेल्या माणसाची सवय झाली. केशवसुतांच्या पिढीला दोन्ही गोष्टी येत : छापील बाळबोध आणि हाताची मोडी. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मोडी शाळांतून गेली.

छापखान्यात मोकळी जागा ही ‘काही नसणे’ नव्हती. जुळारी एकेक खिळा जुळवत जातो तेव्हा दोन शब्दांमध्ये त्याला शिशाचा एक बुटका तुकडा बसवावा लागतो. त्याच्या डोक्यावर अक्षर नसते आणि त्याची उंची कमी असते, म्हणून त्याला शाई लागत नाही. कागदावर कोरे दिसते, पण चौकटीत तो तुकडा इतर खिळ्यांसारखाच वजनदार असतो. टंकलेखन यंत्रात त्याचा लांब दांडा झाला. आणि १९६३ साली अमेरिकेत अक्षरांना क्रमांक देण्याची ‘आस्की’ ही पद्धत ठरली तेव्हा मोकळ्या जागेलाही आपला क्रमांक मिळाला : ३२. संगणकाच्या दृष्टीने ती ‘अ’ किंवा ‘ब’ इतकीच खरी आहे. आपल्याला ती दिसत नाही एवढेच.

मग ती कुठे तोडायची हा प्रश्न आपल्या मराठी व्याकरणाने तरी सोडवला का? पुरता नाही. ‘घरावर’ हे आपण जोडून लिहितो, ‘घराच्या वर’ हे तोडून. ‘करून टाकले’ ही एकच क्रिया, पण लिहायची दोन शब्दांत. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी चार घातले. तरीही काय जोडावे आणि काय तोडावे यावर शिक्षकांच्या खोलीत अजून वाद होतात. ‘केशवसुत’ हे टोपणनाव जोडून लिहिले तर कवी, तोडून लिहिले तर केशवाचा मुलगा. माणसाला दोन्हींतून अर्थ लागतो. आता ज्याला अर्थच लागत नाही अशा वाचकाकडे वळू या.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या मरे हिल इथे बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्स ही प्रणाली रचायला घेतली. माणूस आणि संगणक यांच्यामध्ये बसून आज्ञा वाचणाऱ्या कार्यक्रमाला तिच्यात ‘शेल’ म्हणतात. शेल म्हणजे कवच. हा शब्द आधीच्या मल्टिक्स प्रकल्पातून आला, आणि तो सुचवला होता लुई पूझँ या फ्रेंच अभियंत्याने. त्या काळी आज्ञा टेलिटाइप यंत्रावर टंकित करायची. यंत्र संथ, आवाज करणारे, कळा जड. म्हणून आज्ञांची नावे दोन-दोन अक्षरांची : नक्कल करण्यासाठी ‘सीपी’, हलवण्यासाठी ‘एमव्ही’, पुसण्यासाठी ‘आरएम’. (या आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहायच्या असतात. इथे आपण त्या वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत लिहीत आहोत.) ओळीतला पहिला शब्द आज्ञा, पुढचे शब्द फाइलींची नावे, आणि शब्द कोठे संपला हे सांगणारी खूण म्हणजे मोकळी जागा. यापेक्षा सोपे काय असणार?

पण त्याच प्रणालीत आणखी एक नियम होता, आणि तो शेलचा नव्हता. फाइली डिस्कवर मांडणारा भाग नावाच्या बाबतीत फार उदार होता. नावात तिरपी रेघ चालणार नाही, कारण ती डिरेक्टऱ्या वेगळ्या करते. शून्य क्रमांकाचे चिन्ह चालणार नाही, कारण ते नावाचा शेवट दाखवते. बाकी काहीही चालेल. मोकळी जागासुद्धा. एका खिडकीवरचा कारकून म्हणतो, नावात जागा असली तरी हरकत नाही. शेजारच्या खिडकीवरचा म्हणतो, जागा आली की नाव संपले. दोघांची गाठ पडेपर्यंत कोणाचे काही बिघडत नाही. आणि बरीच वर्षे ती पडलीच नाही, कारण नावे जास्तीत जास्त चौदा अक्षरांची असत आणि ती संगणकातलीच मंडळी ठेवत.

खरी मेख १९७९ साली आली. स्टीव्हन बोर्न यांनी लिहिलेला नवा शेल त्या वर्षी युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. त्यात छोट्या आज्ञावल्या लिहिता येत आणि ‘चल’ वापरता येत. बीजगणितात आपण म्हणतो तसाच हा चल. $नाव असे लिहिले की शेल त्या जागी नावाची किंमत घालतो. इथपर्यंत ठीक. पण किंमत घातल्यानंतर शेल त्या मजकुराचे पुन्हा एकदा तुकडे करतो, आणि तेही मोकळ्या जागेवर. कशावर तुकडे करायचे ती चिन्हे ‘आयएफएस’ नावाच्या एका खास चलात ठेवलेली असतात. तुम्ही बदलली नाहीत तर ती तीन : मोकळी जागा, टॅब आणि नवी ओळ.

हा दुसऱ्यांदा तुकडे करण्याचा उद्योग बोर्न यांनी का ठेवला असेल, असे नवशिक्याला वाटते. तो वेडेपणा नव्हता. त्या शेलमध्ये यादी ठेवायला दुसरी सोय नव्हती. दहा फाइलींवर एकच काम करायचे असेल तर त्यांची नावे एका चलात मोकळ्या जागा सोडून लिहायची आणि शेलने ती परत सुटी करायची, हाच मार्ग होता. यादीची सोय म्हणून ठेवलेला नियम, यादी नसलेल्या नावालाही लागू झाला. ‘मालगुंड मोडी’ ही आमची यादी नव्हती, पण शेलने ते कसे ओळखावे?

आमच्या आज्ञावलीत ओळ होती ती साधारण अशी. आधी नाव="मालगुंड मोडी", आणि मग खाली आरएम -आरएफ $नाव. पहिल्या ओळीत अवतरणचिन्हे आहेत, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. इथेच बहुतेक सगळे फसतात. ती चिन्हे शेलला एवढेच सांगतात की ही सगळी किंमत एकत्र घे. किंमत चलात गेली की चिन्हे गळून पडतात, ती तिच्याबरोबर प्रवास करत नाहीत. दुसऱ्या ओळीत $नाव उघडे होते. शेलने किंमत घातली, तुकडे केले, आणि पुसण्याच्या आज्ञेला दोन शब्द दिले. त्या बिचारीला हे दोन शब्द एकाच नावाचे होते हे कळायला मार्गच उरला नव्हता. उपाय दोन चिन्हांचा : "$नाव". वापरतानाही अवतरणचिन्हे घातली की शेल किंमत घालतो पण तोडत नाही.

संगणक-कक्षात हे कोणाचेही नुकसान न करता दाखवता येते. एका रिकाम्या डिरेक्टरीत तीन फाइली कराव्यात. एकीचे नाव दहा, दुसरीचे वीस, आणि तिसरीचे अवतरणचिन्हांत "दहा वीस". मग चलात "दहा वीस" ठेवून यादी दाखवणारी एलएस ही आज्ञा आधी $नाव असे लिहून द्यावी आणि नंतर "$नाव" असे लिहून. पहिल्या वेळी पडद्यावर पहिल्या दोन फाइली दिसतात, दुसऱ्या वेळी तिसरी. फळ्यावरची ‘दहावीसबसलेलीमुले’ आणि हा प्रयोग एकाच तासाला घेतले तर भाषेच्या आणि संगणकाच्या शिक्षकांना एकत्र बसता येईल. चलाचे नाव मात्र प्रत्यक्षात रोमन अक्षरांतच लागते. फाइलीचे नाव मराठीत चालते.

आणि ते चालते याचेही श्रेय टॉम्पसन यांनाच द्यावे लागते. १९९२ साली त्यांनी आणि रॉब पाइक यांनी जगातल्या सगळ्या लिप्यांची अक्षरे बाइटांत मांडण्याची ‘यूटीएफ-८’ ही रीत तयार केली. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे मूळ अक्षर वेगळे आणि काना-मात्रा वेगळी, तीन बाइट घेते. त्या तिन्ही बाइटांचे आकडे १२८ किंवा त्याहून मोठे असतील अशी काळजी घेतलेली आहे. त्यामुळे मराठी अक्षराच्या पोटात चुकूनही ३२ हा आकडा किंवा तिरपी रेघ सापडत नाही, आणि मराठीचे नावही न ऐकलेला जुना शेल मराठी नावे बिनतक्रार हाताळतो. ‘मालगुंड’मध्ये सात चिन्हे, म्हणून २१ बाइट. ‘मोडी’मध्ये चार, म्हणून १२. मधली जागा एक. चौतीस बाइटांच्या नावातला तेवढा एकच बाइट शेलच्या ओळखीचा होता. मोडी लिपीलाही २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्वतंत्र स्थान मिळाले आहे. तिची चिन्हे चार-चार बाइटांची आहेत.

दोन खिडक्यांवरच्या कारकुनांची गाठ पडली ती ऐंशी-नव्वदच्या दशकांत. १९८४ साली मॅकिंटॉश आला. त्याचा वापरणारा माणूस आज्ञा टंकित करत नव्हता, चित्रांवर बोट ठेवत होता, त्यामुळे फाइलीला ‘आईला पत्र’ असे नाव द्यायला त्याला कसलीच आडकाठी नव्हती. आपल्याकडे शाळांत जे संगणक आले त्यांवर बहुधा एमएस-डॉस असे. आठ अक्षरांचे नाव आणि तीन अक्षरांचे शेपूट. नाव आठांपेक्षा लहान असेल तर डिस्कवर उरलेल्या जागा ३२ क्रमांकाने भरून काढत, म्हणजे तिथे मोकळी जागा ही निव्वळ भरताड होती. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आली आणि २५५ अक्षरांपर्यंतची, मोकळ्या जागा असलेली नावे घरोघरी गेली. ‘प्रोग्राम फाइल्स’ ही डिरेक्टरी प्रत्येक संगणकात बसली.

तिथेही तोडण्याचा घोळ सुटला नाही. अवतरणचिन्हांशिवाय लांबलचक पत्ता दिला तर विंडोज पहिल्या जागेवर तोडून तेवढ्या नावाचा कार्यक्रम आहे का पाहते, नसेल तर दुसऱ्या जागेवर तोडून पाहते, आणि असेच पुढे. मोडी वाचायला बसलेला नवशिका हेच करतो. फरक इतकाच की नवशिक्याला चुकीचा शब्द हाती लागला तर वाक्य बेसूर लागते. संगणकाला ‘प्रोग्राम’ नावाची एखादी दुष्ट फाइल कोणी आधीच ठेवलेली सापडली, तर तो ती खुशाल चालवतो.

युनिक्सच्या घराण्यातला गाजलेला अपघात नोव्हेंबर २००१ मधला. ॲपल कंपनीने तेव्हा आपली नवी मॅक ओएस दहा ही प्रणाली युनिक्सच्या पायावर उभी केली होती. वर चित्रे, खाली शेल. आयट्यून्स २.० हा गाणी ऐकण्याचा कार्यक्रम बसवताना त्याची जुनी प्रत आधी पुसायची होती, आणि ते काम शेलच्या एका ओळीकडे होते. डिस्कचा पत्ता चलात, आणि चल उघडा. ज्यांच्या डिस्कच्या नावात मोकळी जागा होती त्यांच्या बाबतीत पत्ता मध्येच तुटला, आणि पुसणारी आज्ञा अर्ध्या पत्त्यावर जाऊन पोचली. समजा एका डिस्कचे नाव ‘कामाची’ आणि दुसरीचे ‘कामाची २’. गाणी दुसरीवर बसवायची, पुसली जायची पहिली. नावाच्या सुरुवातीलाच जागा असेल तर परिणाम याहून भयंकर. काही लोकांच्या सबंध डिस्क कोऱ्या झाल्या. कंपनीने ती प्रत ताबडतोब मागे घेतली आणि २.०.१ काढली. आमची फजिती आणि त्यांची चूक शब्दशः एकच होती. याचे समाधान वाटू नये, पण वाटते.

२०११ साली याच्या उलट झाले. बंबलबी नावाच्या, लिनक्सवर चित्रपत्त्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कार्यक्रमाच्या आज्ञावलीत, पुसायच्या पत्त्यात एक मोकळी जागा चुकून पडली. ‘/यूएसआर/लिब/...’ असे हवे होते, झाले ‘/यूएसआर /लिब/...’. पुढचा लांबलचक पत्ता राहिला बाजूला, आणि सुरुवातीची ‘यूएसआर’ ही डिरेक्टरी, जिच्यात जवळजवळ सगळी प्रणालीच असते, ती पुसली गेली. डोळ्यांनी ती ओळ तपासणाऱ्याला ते दिसले नाही, कारण आपले डोळे मोकळ्या जागेवरून घसरतात.

हे दुखणे कळले नव्हते असे नाही. बेल प्रयोगशाळेतच टॉम डफ यांनी पुढे ‘आरसी’ नावाचा शेल लिहिला. त्यात खऱ्या याद्या आहेत, आणि एकदा वाचलेला मजकूर पुन्हा तोडायचा नाही असा नियम. १९९० साली पॉल फॉलस्टॅड यांनी लिहिलेला ‘झी-शेल’सुद्धा उघडा चल आपणहून तोडत नाही. पण १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला ‘बॅश’ सर्वत्र पसरला, आणि तो बोर्न यांच्या वाटेने चालतो. लाखो जुन्या आज्ञावल्या त्या वाटेवर विसंबून आहेत. शुद्धलेखनाचे नियम बदलणे किती कठीण असते ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

अवतरणचिन्हांनी बरेच भागते, पण सगळे नाही. एका कार्यक्रमाने शोधलेल्या नावांची यादी दुसऱ्याला द्यायची असेल तर दोन नावांमध्ये काय घालायचे? मोकळी जागा नको. नवी ओळ? युनिक्सच्या उदार नियमाप्रमाणे नावाच्या पोटात नवी ओळसुद्धा असू शकते. मग उरते ते एकच चिन्ह, जे नावात कधीच येऊ शकत नाही : शून्य क्रमांकाचे. ग्नू प्रकल्पातल्या लोकांनी शोधणाऱ्या ‘फाइंड’ आणि घेणाऱ्या ‘एक्सआर्ग्ज’ या आज्ञांत ती सोय घातली. युनिक्सच्या ‘पॉझिक्स’ या प्रमाणकात ती अधिकृतपणे यायला मात्र २०२४ साल उजाडले. ‘एलएस’च्या ग्नू आवृत्तीने २०१६ पासून आणखी एक लहानसा उपकार केला आहे. पडद्यावर यादी दाखवताना मोकळी जागा असलेले नाव ती अवतरणचिन्हांत दाखवते, म्हणजे निदान दिसते तरी. त्यावरही जुन्या मंडळींनी नाके मुरडली होती.

नावात मोकळी जागा ठेवूच नये, अधोरेषा घालावी, असा सल्ला संगणकाचे शिक्षक देतात. आमच्यातही दोन पक्ष आहेत. स्वतःच्या फाइलींपुरता तो सल्ला ठीक आहे. पण पालकांनी, लिपिकांनी, विद्यार्थ्यांनी पाठवलेल्या फाइलींची नावे आपण ठरवत नाही, आणि ‘केशवसुत_कविता’ असे मराठी मुलांना लिहायला लावणे आम्हांला पटत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याने दोन चिन्हे जास्त टंकावीत. ती पुसण्याची असेल तर ‘आरएम’च्या जागी आधी ‘एलएस’ घालून काय काय हाताला लागते ते डोळ्यांनी पाहावे, आणि मगच आज्ञा बदलावी. आम्ही तेवढे केले असते तर दहा सेकंदांत चूक दिसली असती.

पुढच्या सुट्टीत आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. घरच्यांनी चहा दिला, हसले, आणि माळ्यावरून रुमाल परत काढून दिले. मधल्या पावसाळ्यात एका रुमालाला ओल लागली होती आणि त्याच्या खालच्या पानांना वाळवीने गाठले होते. २१२ पानांपैकी १८९ पुन्हा टिपता आली. ती सध्या तीन ठिकाणी ठेवलेली आहेत, आणि तिन्ही डिरेक्टऱ्यांचे नाव ‘मालगुंड मोडी’ असेच आहे.